स्किड प्लेट घेताय? आधी स्वतःच्या गाडीखाली झोपून बघा

नवीन थार, जिम्नी किंवा गुरखा घेतली की पहिल्या महिन्यात सगळे टायर, लाइट आणि विंचबद्दल (अडकलेली गाडी ओढायची चरखी) विचारतात. गाडीच्या पोटाबद्दल विचारणारा क्वचित भेटतो आणि तो बहुतेक वेळा चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी, फुटल्यावरच भेटतो. माझंही तेच झालं होतं. वेल्ह्याच्या पुढं एक ओढा ओलांडताना पाण्याखालचा एक दगड दिसला नाही, आवाज काही फार मोठा आला नाही, नुसता धप्प असा, आणि पलीकडं चढून पन्नास फूट गेलो असेन तेवढ्यात ऑइलचा लाल दिवा लागला. इंजिन लगेच बंद केलं म्हणून वाचलं. खाली वाकून बघितलं तर चेंबरला बोटभर लांबीची चीर आणि मागं ओढ्याच्या पाण्यावर ऑइलचा रंगीत तवंग पसरत चाललेला. गाडी टो करून न्यावी लागली, खर्च झाला, पण त्या पाण्यावरचा तवंग मला जास्त लागला, कारण खाली शंभर मीटरवर त्याच पाण्यावर गुरं होती. तेव्हापासून कुणी नवीन गाडी घेतली की मी आधी पोटाचं विचारतो.

गाडीच्या खालच्या नाजूक भागांच्या खाली लावलेली जाड धातूची ढाल म्हणजे स्किड प्लेट. पण ढाल म्हटलं की आपल्याला मार खाणारी वस्तू आठवते आणि घोळ तिथंच सुरू होतो. स्किड म्हणजे घसरणं. दगड लागला की गाडी त्याच्यावरून घसरत पुढं गेली पाहिजे, अडकली नाही पाहिजे, आणि गाडीचं वजन चेंबरवर न येता चेसीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, गेलं पाहिजे. प्लेट निवडताना, लावताना आणि वापरताना ही दोन वाक्यं डोक्यात ठेवली तर अर्ध्या चुका आपोआप टळतात.

सुरुवात: खडू घ्या आणि गाडीखाली जा

दुकानात किंवा ऑनलाइन काही बघायच्या आधी एक रविवार सकाळ द्या. गाडी रात्रभर उभी असलेली, म्हणजे सायलेन्सर थंड हवा. सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, चारी चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि टॉर्च घेऊन पाठीवर झोपून आत सरका. या गाड्या उंच असतात (थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी, पाच दारी जिम्नीचा २१०), त्यामुळं नुसतं बघायला गाडी उचलायची गरज पडत नाही. आणि उचललीच तर नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीच, एका मिनिटासाठीसुद्धा, जाऊ नका. खाली घोड्या (जॅक स्टँड) लावा, चेसीखाली, दोन्ही बाजूंना, आणि गाडी हलवून बघा मगच आत जा. हे मी पुन्हा सांगणार नाही पण पुढच्या प्रत्येक कामाला लागू आहे.

आत गेलात की पुढून मागं वाचत जा. रेडिएटरचा खालचा काठ, स्टिअरिंगचे रॉड, मग इंजिनचं चेंबर, त्याच्यामागं गिअरबॉक्स, त्याला चिकटून ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या मागच्या चाकांना वाटणारा डबा), बाजूनं जाणारा एक्झॉस्ट, मागं डिझेल किंवा पेट्रोलची टाकी आणि मागच्या ॲक्सलचा, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्याचा, डिफरन्शियल (मधला गिअरचा गोळा). जिथं जिथं ओरखडा, चेपलेलं किंवा चमकणारा धातू दिसेल तिथं खडूनं खूण करा आणि फोटो काढा. गाडी दोनचार वेळा कच्च्या रस्त्यावर गेलेली असेल तर ती स्वतःच सांगते की तिला कुठं लागतंय. माझ्या मेहुण्यानं जिम्नीसाठी आधी पुढच्या प्लेटचे पैसे बाजूला काढून ठेवले होते, खाली जाऊन बघितलं तर पुढं एक ओरखडा नाही आणि सगळे घाव मधे, ट्रान्सफर केसच्या आसपास.

चेंबर कशाचं आहे तेही बघा. बोटानं टिचकी मारली की कळतं, पत्र्याचं असेल तर पोकळ आवाज येतो, ओतीव ॲल्युमिनियमचं असेल तर जड, बद्द आवाज. ओतीव चेंबर मार बसला की तडकतं. पत्र्याचं चेंबर फुटत नाही, चेपतं, म्हणून लोकांना वाटतं सुटलो, पण चेंबरच्या तळाशी ऑइल ओढणारी जाळी असते आणि तिच्यात आणि तळात अंतर अगदी थोडं असतं. तळ चेपून जाळीला टेकला की इंजिनला ऑइल कमी मिळायला लागतं आणि बाहेरून एक थेंबसुद्धा गळत नाही. म्हणून चेंबर चेपलेलं दिसलं तर त्याचं निदान आधी करून घ्या, प्लेट नंतर.

तुमच्याकडं दगड कसला आहे

हा प्रश्न नवीन माणसाला विचित्र वाटतो पण प्लेट यावरच ठरते. सह्याद्रीत घाटमाथ्यावर आणि देशावर काळा कातळ, म्हणजे बसाल्ट. तो कठीण असतो, ओढ्यातला असेल तर गुळगुळीत गोटा आणि डोंगरउतारावर असेल तर धारदार कोपऱ्यांचा. कोकणात आणि गोव्यात जांभा, तो मऊ असला तरी खरखरीत, भोकाभोकांचा, प्लेट त्याच्यावर घसरत नाही तर घासत, पकडत जाते. आणि मराठवाडा विदर्भाच्या काळ्या मातीत दगडाचा प्रश्न कमी, चिखल प्लेटच्या वर साचण्याचा प्रश्न जास्त. जो माणूस वर्षातून चार वेळा फार्महाऊसच्या कच्च्या रस्त्यानं जातो त्याला पुढची एक प्लेट पुरते. जो दर महिन्याला ट्रेलला, म्हणजे डोंगरातल्या खडबडीत वाटांवर, जातो त्याला इंजिनपासून ट्रान्सफर केसपर्यंत सलग झाकलेलं हवं.

गाडीची लांबीही मोजा. पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर जितकं जास्त तितकं उंचवट्यावर पोट आधी टेकतं. तीन दारी थारचा व्हीलबेस २४५० मिमी, पाच दारी जिम्नीचा २५९०, थार रॉक्सचा २८५०. बांध ओलांडताना तीन दारी थार जिथून अलगद निघते तिथं रॉक्स पोटावर बसू शकते, म्हणून लांब गाडीवाल्यानं मधल्या प्लेटचा विचार आधी करावा, भले समोरची प्लेट फोटोत भारी दिसत असेल.

अजून एक, ज्यात खूप जण फसतात. चेसीला लावलेली प्लेट चेसीबरोबर राहते, ॲक्सल मात्र चाकांबरोबर वरखाली होतो. थारला पुढं स्वतंत्र सस्पेन्शन आहे, पुढचा डिफरन्शियल वर चेसीत बसलेला असतो, तो पुढच्या प्लेटनं झाकला जातो. मागचा ॲक्सल मात्र सलग दांड्याचा. जिम्नीला पुढं मागं दोन्हीकडं सलग दांड्याचे ॲक्सल आहेत, आणि त्यांचे डिफरन्शियलचे गोळे हेच गाडीचे सगळ्यात खालचे बिंदू, तिथं कुठलीही चेसीवरची प्लेट पोचत नाही. त्यासाठी गोळ्यालाच बसणारा वेगळा गार्ड येतो. तो घ्यायचा की नुसतं चाक दगडावर नीट ठेवायला शिकायचं हे तुम्ही ठरवा, मी नवीन माणसाला दुसरं सांगतो.

लोखंड की ॲल्युमिनियम

यावर लोक तासन्‌तास भांडतात. हिशोब करून बघू. पुढची प्लेट साधारण ८० बाय ७० सेंमी धरा, म्हणजे ०.५६ चौरस मीटर. लोखंडाचा ४ मिमी पत्रा चौरस मीटरला ३१ किलोच्या वर भरतो, म्हणजे ही प्लेट साडेसतरा किलोची. ३ मिमीची केली तर तेरा किलो. ॲल्युमिनियमचा ६ मिमी पत्रा चौरस मीटरला १६ किलो, म्हणजे प्लेट नऊ किलोची. आणि वाकण्याला विरोध म्हणाल तर ६ मिमी ॲल्युमिनियम ४ मिमी लोखंडाच्या बरोबरीनं टिकतं, थोडं जास्तच. म्हणजे निम्म्या वजनात तेवढाच ताठपणा. इंजिनपासून टाकीपर्यंत सगळं झाकलं तर सहज दीड चौरस मीटर होतं, तिथं हा फरक तेवीस चोवीस किलोवर जातो, आणि जिम्नीसारख्या जेमतेम बाराशे किलोच्या गाडीला तो जाणवतो.

मग सगळ्यांनी ॲल्युमिनियमच घ्यावं का, तर नाही. ॲल्युमिनियम मऊ असतं, धारदार दगडाला ते घसरण्याऐवजी खणलं जातं, दगड त्यात रुततो आणि गाडी अडकते. लोखंड ओरखडा घेऊन पुढं सरकतं. दुसरं म्हणजे दुरुस्ती. लोखंडाची प्लेट वाकली तर तालुक्याच्या गावातला कुठलाही वेल्डिंगवाला ती हातोड्यानं सरळ करून देतो, ॲल्युमिनियमची वेल्डिंग करणारा तिथं मिळेलच असं नाही. तिसरं, ॲल्युमिनियमला लोखंडी बोल्ट लावले आणि पाणी लागत राहिलं की दोन धातूंच्या जोडावर ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी पूड दिसायला लागते. मधे नायलॉनचे वॉशर आणि बोल्टला ग्रीस लावून ते बरंच थांबवता येतं, पण बघत राहावं लागतं. लोखंडाला गंज चढतो हे सगळ्यांना माहीतच आहे, कोकणातल्या माणसाला तर सांगायलाच नको.

माझं मत विचाराल तर जड गाडी, कातळ, बजेट बेताचं, तर लोखंड, पुढं ४ मिमी आणि मधे ३ मिमी. हलकी गाडी, मुख्यतः माती आणि गोटे, तर ६ मिमी ॲल्युमिनियम. २ मिमी पत्र्याच्या ज्या देखण्या प्लेट मिळतात त्या धुळीसाठी आणि उडणाऱ्या खडीसाठी ठीक आहेत, पोट टेकवण्यासाठी नाहीत. बऱ्याच गाड्यांना कंपनीतून येणारी प्लास्टिकची ट्रे पण याच जातीची, तिला स्किड प्लेट समजू नका.

प्लेट हातात घेऊन काय बघायचं

भोसरी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्या काकांकडं मी तासभर बसून हे शिकलो. मी नुसती जाडी विचारत होतो. काकांनी एक सपाट पत्रा दोन विटांवर ठेवला, वर उभे राहिले, पत्रा झोळीसारखा लवला. मग तेवढ्याच जाडीचा पण दोन्ही कडा अंगठ्याएवढ्या वर मुडपलेला पत्रा ठेवला, उभे राहिले, जागचा हलला नाही. म्हणाले, "दादा, ताकद जाडीत नसती, मोडीत असती." तेव्हा प्लेट बघताना कडा वळवलेल्या आहेत का, मधे दाबून काढलेल्या पन्हाळी आहेत का, हे आधी बघा.

मग पुढची कड. ती वर, बंपरकडं तिरकी चढत गेलेली हवी. सरळ खाली लोंबणारी कड म्हणजे फावडं, तो दगड गोळा करतो. दोन प्लेट एकामागं एक असतील तर त्या कौलांसारख्या बसल्या पाहिजेत, पुढच्या प्लेटची मागची कड खाली आणि मागच्या प्लेटची पुढची कड तिच्या वर लपलेली. उलटं असेल तर पुढं जाताना दगड थेट फटीत शिरतो आणि प्लेट सोलून काढतो. बोल्टची डोकी खाली लोंबत असतील तर पहिल्याच कातळावर ती घासून गोल होतील आणि नंतर पाना बसणार नाही. डोकं पत्र्यात बुडालेलं किंवा खळग्यात बसलेलं हवं.

ऑइलच्या बुचाखाली आणि फिल्टरखाली भोक हवं, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसला प्लेट उतरवावी लागेल आणि सर्व्हिस सेंटरवाले ती परत बसवताना दोन बोल्ट विसरतात, हा माझा अनुभव आहे. पाणी आणि चिखल निघून जायला खाचा हव्यात, पण बोटापेक्षा रुंद नकोत, मोठ्या खाचेत काठी नाहीतर टोकदार दगड घुसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्लेट कशाला धरलीय. ती चेसीला किंवा चेसीच्या आडव्या मेंबरला धरलेली हवी. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटवर डुलत असतात, त्यांच्या बोल्टना प्लेट लटकवली तर दगडाचा मार सरळ केसिंगवर जातो, म्हणजे ज्याला वाचवायचं त्यालाच आपण दगडाला बांधलं. मला एका दुकानात अशीच प्लेट गिअरबॉक्सच्या दोन बोल्टवर लावून दिली होती, महिन्याभरात केसिंगजवळचा कान तुटला. चेंबर आणि प्लेट यांच्यात किमान दोन सेंटिमीटर तरी मोकळी जागा ठेवा, कारण प्लेट लवते आणि इंजिन हलतं.

एक्झॉस्टच्या खाली मात्र हात आखडता घ्या. बीएस सहा डिझेल गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) असतो, तो आतली काजळी जाळताना ६०० अंशांच्या आसपास तापतो. त्याच्या खाली बंद डबा केला तर उष्णता आत कोंडते, आणि पावसाळ्यानंतरचं वाळलं गवत प्लेटवर साचून त्याला टेकलं तर गाडी पेटू शकते. त्या भागाला प्लेट हवीच असेल तर जाळीदार, मोकळी, आणि दर ट्रेलनंतर साफ करायची तयारी असेल तरच.

कायद्याचंही एकदा बोलून टाकतो. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारांवर बंधनं आहेत आणि समोरच्या क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करा असं केंद्रानं २०१७ च्या डिसेंबरमध्ये राज्यांना कळवलेलं आहे. प्लेटचा कुठलाही भाग बंपरच्या पुढं डोकावू देऊ नका, आणि चेसीला नवीन भोक पाडून घेऊ नका. कंपनीनं सोडलेल्या भोकांवर बसणारीच प्लेट घ्या. चेसीवर ड्रिल मारलं की वॉरंटीचा वाद सुरू होतो आणि तिथूनच गंजही.

बसवायचा दिवस

दोन माणसं लागतात, एकट्यानं करू नका, साडेसतरा किलो डोक्यावर धरून बोल्ट लावता येत नाही. गोटी पान्यांचा सेट, टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोरानंच आवळणारा), वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, ग्रीस, आणि डोळ्यांना चष्मा, कारण खालून सगळी माती तोंडावर पडते. थारसारख्या गाडीवर ८ मिमीच्या बोल्टला सहसा १३ चा पाना आणि १० मिमीच्याला १७ चा, मारुतीच्या बोल्टना बहुतेक १२ आणि १४ चा, तेवढं आधी बघून ठेवा.

आदल्या दिवशी गाडी खालून धुवा. चेसीतले आटे वायर ब्रशनं साफ करा, आणि प्लेट न लावता प्रत्येक बोल्ट नुसता हातानं आत फिरवून बघा. हातानं चार पाच आटे गेला तर ठीक. अडला तर पान्यानं जबरदस्ती करू नका, आट्यात रंग किंवा माती असते, टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ करा. चेसीत वेल्ड केलेला नट एकदा आतून सुटला की तो नुसता गोल फिरत बसतो आणि मग ग्राइंडरशिवाय इलाज नाही.

आता प्लेट जॅकवर एक पोतं घालून त्यावर ठेवा आणि हळूहळू वर न्या. सगळे बोल्ट आधी हातानं अर्धे लावा, एकही आवळू नका. एक कोपरा आवळून टाकला की समोरच्या कोपऱ्यातली भोकं जुळत नाहीत, आणि मग लोक भोक मोठं करतात. सगळे लागले की मधल्यापासून बाहेर, समोरासमोरचे, टप्प्याटप्प्यानं आवळा. किटबरोबर टॉर्कचा आकडा आला असेल तर तोच वापरा, नसेल तर ८.८ ग्रेडच्या ८ मिमी बोल्टला साधारण २२ ते २५ न्यूटन मीटर आणि १० मिमीला ४५ ते ५० च्या आसपास. आटे ग्रीस लावलेले असतील तर खालचा आकडा धरा. आवळून झाल्यावर बोल्टच्या डोक्यापासून प्लेटवर रंगाची एक रेघ ओढा, उद्या बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

घोड्या काढायच्या आधी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि रॉड, होस, वायर कुठं लागत नाही ना बघा. चाकं लोंबकळत असताना प्रॉपेलर शाफ्ट (ॲक्सलकडं ताकद नेणारा फिरता दांडा) प्लेटच्या किती जवळ येतो ते बघा. जिम्नीवाल्यांनी उलटंही बघायचं, एक चाक उंचावर चढवून, कारण ॲक्सल वर आला की प्लेटच्या काठाला लागू शकतो. मग इंजिन चालू करून दहा मिनिटं सोडा, खडखड येते का ऐका. आवाज येत असेल तर बहुतेक वेळा प्लेट एक्झॉस्टच्या हँगरला टेकलेली असते, मधे रबर कोंबून गप्प करू नका, रबर जळतं, जागा सोडवून द्या.

वेल्डिंगचं काही निघालं तर प्लेट उतरवूनच करा. गाडीला लावलेल्या अवस्थेत, वर टाकी आणि इंधनाची नळी असताना, कुणी कितीही सांगू दे, नाही म्हणा.

नंतर

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत टॉर्क पान्यानं बघा. नंतर प्रत्येक ट्रेलनंतर नुसत्या रेघा बघितल्या तरी चालतं. चिखलातून आलात तर त्याच दिवशी प्लेटच्या वरून पाइपनं पाणी सोडा, खालून प्लेट चकचकीत दिसते पण वर पाच सात किलो चिखल बसलेला असतो, तो वाळला की विटेसारखा होतो आणि चेंबरला हवा लागू देत नाही. दिवाळीनंतरच्या ट्रेलला गवत हातानं काढा, प्रत्येक वेळी.

चालवताना प्लेट आहे म्हणून वेग वाढवू नका. लो रेंज (ट्रान्सफर केसचा हळू पण जास्त ताकदीचा टप्पा), पहिला गिअर, दगड चाकाखाली घ्यायचा प्रयत्न आधी, पोटाखालून न्यायचा नाइलाज झाला तरच. टेकलं की ॲक्सिलरेटर दाबून ओढू नका, थांबा, खाली उतरून बघा, बाहेरच्या माणसाला दिशा दाखवायला सांगा. आणि ऑइलचा दिवा लागला तर प्लेट कितीही जाड असो, इंजिन तिथल्या तिथं बंद.

मे महिन्यात एकदा प्लेट पूर्ण उतरवा. आतला गंज खरवडून रेड ऑक्साइड आणि रंग मारा, कोंडलेली माती काढा, चेंबर आणि गिअरबॉक्सच्या सीलजवळ ओल दिसते का बघा, कारण प्लेट लागली की बारीक गळती जमिनीवर पडत नाही, प्लेटवरच साठत राहते. बोल्ट परत लावताना ज्यांची डोकी घासलीत ते बदला. गाडीत एका जाड पिशवीत त्याच मापाचे चार जादा बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, आपोआप सैल न होणारे) आणि वॉशर ठेवा, पिशवीवर मार्करनं माप लिहून, आणि त्या बोल्टना बसणारा पानाही त्याच पिशवीत.